अश्वजितचा जोड

पिवळ्या प्लास्टिकचा नखाएवढा फ्यूज, आणि त्याच्या दोन पायांभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार — पक्कडीनं दाबून बसवलेली, टोक आत वळवलेलं, काढताना कुणाच्या बोटात घुसू नये म्हणून. एवढी काळजी... धम्मानंदनं फ्यूज उन्हाकडं धरला. आतली पट्टी केव्हाच जळून गेली होती. एसीचा पंखा इतके दिवस या तारेवरच चालला होता.

गाडी हदगावच्या हणमंतरावांची. "रस्त्यानं पळाली की गारेगार ऱ्हाती बघा," ते सकाळी म्हणाले होते, "अन् नांदेडात शिरून गर्दीत थांबली की गरम वारं मारून राहिली." एवढं ऐकूनच धम्मानंदच्या ध्यानात आलं होतं की गॅस ठीक आहे, बोनटाखालचा समोरचा पंखा फिरत नाही, पळत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला कुठून लागणार. टेस्ट लॅम्पची सुई पंख्याच्या सॉकेटात टेकवली, दिवा लागला नाही. फ्यूजपाशी टेकवली, लागला. म्हणजे खोट मधल्या वायरीत. आता तो वायरींचा जुडगा बोटांनी चाचपत गेला, एका जागी तो कडक लागला, तिथली चिकटपट्टी सोलायला घेतली तर ती उलट्या अंगानं सुटायला लागली. डावखुऱ्या माणसानं गुंडाळलेली. गॅरेजांच्या या गल्लीत डावखुरा इलेक्ट्रिशियन एकच होता.

पट्टीखालचा जोड जळून कोळसा झाला होता, शेजारच्या वायरींची आवरणं वितळून एकमेकांना चिकटली होती. फ्यूज असतो कशाला — पंखा अडकून जास्त करंट ओढायला लागला की त्यानं आधी जावं आणि वायर वाचवावी. तार जात नाही. तार तापत राहते, आतल्या आत, आणि एक दिवस...

"आदल्या उन्हाळ्यात तुमच्या भावानंच करून दिलती," हणमंतराव लिंबाच्या सावलीतून म्हणाले. "पाच मिनटांत चालू. लई हातगुण होता अश्वजितला."

"हाव," धम्मानंद म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात अर्धापूरच्या रस्त्यावर अश्वजित गेला. गिऱ्हाइकाच्या जीपचा एसी दुरुस्त करून, जरा चालवून बघतो म्हणून घेऊन गेला, आणि डॅशबोर्डखालून पेट घेतला, दारं उघडली नाहीत. त्या जीपमध्ये आदल्याच दिवशी समोरच्या दुकानातल्या महादेवप्पानं एसीचा गॅस भरला होता. स्वस्तात पडतो म्हणून काही जण एसीत स्वयंपाकाचा गॅस भरतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मग कुणीतरी म्हणालं, महादेवप्पानं तोच भरला असणार, आणि म्हणता म्हणता ते खरंच होऊन बसलं. "इल्ला रे धम्मा," महादेवप्पा हात जोडून म्हणत होता — देगलूरकडचा माणूस, घाबरला की कानडीत शिरायचा — "मी तसला गॅस कधी भरलो न्हाई. लेकराची आण घेतो." धम्मानंदनं त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. गिऱ्हाइकं तुटली, शटर पडलं, महादेवप्पा बायकोमुलांना घेऊन गावाकडं निघून गेला. आणि जळालेली जीप कितीतरी महिने पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती, येता-जाता दिसायची. लोकांच्या गाड्यांत दिवसभर खोट शोधणारा मी, आणि तिचं बोनट एकदाही उघडून पाहिलं नाही... दुःखामुळं, असंच तो आजवर समजत होता.

जीपमध्येही तार होती असं कुणी सांगावं. कदाचित नसेलही. जीप भंगारात गेली, आता विचारायची सोय नाही. पण तार मीच शिकवली. गिऱ्हाईक उन्हात उभं आहे, गाडीत म्हातारं माणूस आहे, दुकानात त्या मापाचा फ्यूज नाही — तर तार गुंडाळून डायरेक्ट करून दे, फ्यूज सवडीनं बसवू. गल्लीत सगळेच करतात. ती सवड कधी येत नसते, आणि गार हवा लागलेला माणूस परत कशाला येतो. सुरुवातीला डाव्या हातानं गुंडाळताना अश्वजितच्या तारेचं टोक बाहेर राहायचं, तेव्हा मीच टपली मारून सांगितलं होतं, टोक आत घे, पुढच्याला टोचंल. शहाणा होता. शिकवलेलं विसरला नाही.

त्यानं जोड कापून काढला, नवी वायर टाकली, पंख्यात अडकलेला चिखल खरवडला, मापाचा फ्यूज बसवला. हणमंतराव चहाला गेले होते. गाडी सुरू करून, काचा वर घेऊन तो आत बसला. उभ्या गाडीत वारा गार यायला लागला.

समोरून आई आली, डबा घेऊन. पंचशीलाबाई रोज दुपारी येते आणि रोज महादेवप्पाच्या बंद शटरपाशी थांबते. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण शब्द त्याला पाठ होते — मुडद्या, माझं लेकरू खाल्लास, तुझं वाटोळं हुईल. सकाळी वंदनेला बसली की खोटं न बोलण्याचं शील ती डोळे मिटून म्हणते, आणि दुपारी त्याच तोंडानं हे. तिच्या लेखी हे खरंच आहे. अश्वजित गेल्यावर तिनं अन्न सोडलं होतं. महादेवप्पाला पहिली शिवी दिली त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली. त्या रागावरच ती उठून चालायला लागली. तो काढून घेतला तर तिच्यापाशी काय उरेल... आणि कुणावर जाईल तो, मेलेल्या लेकावर?

शटरवर थुंकून ती गाडीपाशी आली, काचेवर बोटानं टकटक केलं.

"धम्मा, जेवून घे रे बाबा. भाकर वाळून राहिली."

रोज तिच्या शिव्या ऐकून आपल्याला बरं वाटत आलंय, हे त्याला आत्ता, तिचा वाकलेला चेहरा इतक्या जवळून पाहताना कळलं. ती शटरकडं बघत होती तोवर तो सुटलेला होता. त्या शटरकडं बघते तसंच तिनं एकदा आपल्याकडं बघावं, असं त्याला वाटलं — पोटातून वाटलं, आणि लगेच एवढी भीती वाटली की काच खाली घ्यायला उचललेला हात त्यानं मांडीवर ठेवला, येतो म्हणून नुसती मान हलवली, आणि आतला वारा आणखी वाढवला.