एकच खांदा

"पंधरा मिनटात कोनी चीत नाही झाला तं?" लंगोट कसता कसता इंद्रभाननं विचारलं.

"मग गुण मोजायचे," पंच शेषराव मास्तर म्हणाले. शाळेचा फळाच त्यांनी जत्रेत आणून उभा केला होता. "ज्याचे जास्त, तो जिंकला. नवं राज्य, नवे नियम."

चिखलीच्या कापूस बाजारात हमाली करणाऱ्या इंद्रभानची पाठ एकोणीस वर्षांत मातीला लागली नव्हती. मिरवावं असं घरात दुसरं होतं काय? आज तो अडतिशीचा, समोरचा कडूबा बाविशीचा. जुन्या रीतीनं कुस्ती तासतास चाले, लोक भजी खाऊन येत तरी जोड तिथंच अडकलेली. तेवढा दम आता कुठून आणायचा?

कडूबानं दोनदा खाली घेतलं, इंद्रभाननं एकदा. मास्तरांनी फळ्यावर दोन-एक लिहिलं आणि जत्रा पेटली.

"एकच मिनिट राह्यलं! पाहून काऊन राह्यला बे? मार ढाक!"

सकाळी नव्या नियमांना शिव्या घालणारे म्हातारेच आता फळ्याकडे बघत बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

अंग चोरून मिनिटभर काढलं असतं, तर हार पत्करून पाठ वाचत होती. पण त्या आरोळ्यांनी इंद्रभानच्या अंगात वारं शिरलं. त्यानं ढाकेचा डाव टाकला. कडूबा निसटला, आणि इंद्रभानच आडवा झाला. डावा खांदा मातीत गेला; उजवाही टेकला की चीत. कडूबा छातीनं रेटत होता, उजवा खाली खाली चालला होता, तेवढ्यात शिट्टी वाजली.

"चीत नाही! कडूबा गुणांवर!" मास्तर म्हणाले. फेटे उडाले. पण मास्तर खरं बोलले की दयेनं, या विचारानं इंद्रभान घरापर्यंत पोखरला गेला.

त्याच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, न्हाणीत ऊन पाणी काढून ठेवलं होतं. "तुमी हारले म्हन्ते लोकं."

"हारलो. पानी टाकू नको. पाठ पाह्य आधी."

अंगभर माती होतीच. पण हातानं उधळलेली वेगळी आणि दाबून बसलेली वेगळी, हे एकोणीस वर्षं ती पाठ धुणारीला सांगावं लागत नव्हतं. तिनं कंदील जवळ धरला, डाव्या खांद्यावरून बोट फिरवलं, मग उजव्यावरून.

"एकच खांदा," ती म्हणाली. "या उजव्यावर नुसती धूळ हाय."

इंद्रभानचा जीव भांड्यात पडला.

"टाक मंग पानी," तो म्हणाला.