बावीची ओटी

नळ खाकरला.

बाळ नुकतंच झोपलं होतं. घर कसं चिडीचूप, आणि तेवढ्यात अंगणातल्या नळानं जुनाट खोकल्यागत घसा खरवडला. अंजनी दचकली. बाहेर सासूची, ठमाबाईची, चप्पल फटफटली, कळशी आदळली. मग पुन्हा शांत.

"आलं का आये?"

"आलं. वारा आला. घे भरून," ठमाबाई नळाकडं बघतच बोलली. "दिल्लीवाल्यांनी धाडलाय, खास तुज्यासाठी."

नळ बसवला त्या दिवशी पाणी आलं होतं, ते फोटोपुरतं. हार घातलेल्या नळाखाली पाणी योजनेच्या साहेबांनी ओंजळ धरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर नळ नुसता खाकरायला शिकला. गाव बोअरिंगवर रांगा लावून गढूळ पाणी भरत होतं.

अंजनीचा सव्वा महिना आज पुरा झाला होता. बाळंतिणीनं आज बावीवर जायचं. विहिरीला या गावात बाव म्हणतात. बावीची ओटी भरायची, तिथूनच कळशी भरून घरी आणायची, मग तिला चूल-पाणी मोकळं. रिकामी कळशी मात्र घरात आणायची नाही. बाळाला ते चांगलं नसतं.

पण बाव तर झाकलेली.

जागा घरचीच. अंजनीच्या आजेसासऱ्यानं, कोंडाजीनं, शेताच्या कडेला दिलेली; खोदली अख्ख्या गावानं, प्यालंही अख्खं गाव. मागच्या साली देवळात साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. सगळ्या देशाचा विचार करून आराखडा केलाय, म्हणाले. जमिनीखालचं पाणी उपसत राहिलो तर नातवंडांना काय उरेल? जुन्या विहिरी झाकू, पाऊस आत मुरवू, प्यायला धरणाचं पाणी घरोघर देऊ. बोलणं गोड होतं, आणि अंजनीला ते पटलंही होतं. ठमाबाईला नाही.

"जित्या बावीच्या तोंडावर लादी ठेवायची? मी कागदावर आंगठा देनार नाय."

मग कल्पेश स्वयंपाकघरात येऊन बसला. अंजनीचा धाकटा दीर, गावच्या पाणी कमिटीवर. ती लग्न होऊन आली तेव्हा दहावीत होता. त्याचा डबा तिनं भरला, तापात उशाशी ती बसली.

"वयनी, आय तुजं आयकते. तू बोल ना तिला. तुज्या पोटात बाल हाय, या दिवसांत तू घागरी उचलतेस, मना बगवत नाय गं."

त्या एका वाक्यावर अंजनी विरघळली. तिनं सासूला समजावलं. ठमाबाईनं अंगठा दिला तो सुनेच्या शब्दावर.

"लादीला तर लादीला," ठमाबाई आज म्हणाली. "खाली हाय ना ती? ओटी तिला पोचंल. चल."

यज्ञेश, अंजनीचा नवरा, अंबरनाथच्या कंपनीत ड्युटीवर गेलेला. बाळाला कुशीत घेऊन अंजनी निघाली, पुढं ठमाबाई कळशी आणि ओटीचं ताट घेऊन, मागं थोरली लेक, पाच वर्षांची जिज्ञासा. चैत्राचं ऊन. भाताची खाचरं भेगाळून पडलेली, कुठं कुठं पालापाचोळा घालून भाजलेल्या राबाचा काळा वास. बाव झाकल्यापासून या वाटेला कुणी फिरकत नव्हतं. वाटेवर गवत माजलेलं.

बावीभोवती पत्र्याची शेड उभी होती. पाइपांचं सामान ठेवायला, असं कमिटीनं सांगितलेलं. शेडमधून पंपाची घरघर येत होती. पत्र्याखालून जाड नळी निघून पलीकडं नव्या रस्त्यावर उभ्या टँकरच्या पोटात गेली होती. तिच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं, आणि तेवढ्या ओलीवर हिरवंगार गवत.

ठमाबाईनं वाकून बोट भिजवलं, जिभेला लावलं.

"आमचीच हाय गं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "गोडी वलखली मी."

"ओ माई, बाजू हटो," टँकरवाला ओरडला. "चिखलोली के टॉवर में खाली करना है, टाइम खोटी होता है."

शेडचं दार उघडलं. कल्पेश मोबाइल कानाला लावून बाहेर आला आणि जागीच थांबला.

"वयनी... तू कशाला आलीस उन्हात?"

"बावीवर. सव्वा महिना झाला ना."

"आगं, मना फोन करायचा! मी घरी पाठवला असता कॅन भरून."

"काय पाठवला असता, कल्पेश?"

तो इकडंतिकडं बघू लागला. "हे बग, टेन्शन नको घेऊ. नळाचं काम वरून अडकलंय, त्यात माजा हात नाय. आराखड्यात ही बाव बंद दाखवलीय. बंद बावीचं पानी, आपन नाय काढलं तर दुसरा कोन काढंल."

"पाऊस मुरवायचा होता ना तिच्यात? नातवंडांसाठी?" अंजनीनं कुशीतलं बाळ थोडं वर धरलं. "हा बघ. आला तो."

कल्पेशनं मोबाइल खिशात घातला. बाळाकडं काही बघितलं नाही.

ठमाबाईनं लेकाकडं पाठ फिरवली. ती सरळ टँकरपाशी गेली. मागच्या तोटीला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवायला जागा दिसेना म्हणून तो चाकाशी ठेवला, तांदूळ वाहिले. टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"बाव याच्यात बसलीय आता," ती सुनेला म्हणाली. "पाया पड."

अंजनी पाया पडली. उठली तेव्हा कळशी रिकामीच होती आणि घरी तर जायचं होतं.

"दे इकडं," कल्पेशनं लगबगीनं कळशी घेतली, तोटीखाली धरली, काठोकाठ भरली. वर हसूनही बोलला, "अजून लागलं तर सांग, वयनी. आपल्या घरचाच मानूस हाय मी."

नको म्हणावं, कळशी तिथंच पालथी करावी, असं तिच्या फार मनात आलं. पण कुशीत बाळ होतं. तिनं ते सासूच्या हाती दिलं, पदराची चुंबळ केली आणि कळशी डोक्यावर घेतली. गार पाणी हिंदकळून कानामागून मानेवर उतरलं. तेच पाणी, लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्यांदा भरलेलं.

मागं टँकर घरघरत निघाला. तोटीवरचं कुंकू ओघळत गेलं.

बांधाशी आल्यावर जिज्ञासानं तिचा पदर ओढला. बालवाडीतल्या बाईंनी तिला नुकतंच शिकवलं होतं, कुणी काही दिलं की काय म्हणायचं ते.

"आई, काकानं आपल्याला पाणी दिलं ना? मग तू त्याला थँक्यू का नाय बोललीस?"