मा. कमळाकर नाखवा

“बग, ‘मा.’ छापलंय. माननीय!” कमळाकर नाखव्यांनी जेट्टीच्या उद्घाटनाची पत्रिका बायकोच्या नाकासमोर धरली.

सुमित्राबाई पाटीत बोंबील रचत होत्या. “पन वो, माजी मंत्र्याचा पन ‘मा.’च ना?”

“तुला काय कलतं?” असं म्हणून ते कांजीचा सदरा चढवायला गेले. खरं तर पत्रिका आल्यापासून तीच शंका त्यांनाही खात होती.

नाखवा म्हणजे आमच्या दिवाळे गावाने महाराष्ट्राला दिलेले एकुलते एक मंत्री. आधी पंच, मग सरपंच, मग आमदार आणि शेवटी मत्स्यव्यवसाय खात्याचे राज्यमंत्री, तेही पाच महिने. त्या काळात सभागृहात ते एकदाच बोलायला उठले आणि तेवढ्यात सभागृह तहकूब झालं. पंच्याण्णवच्या निवडणुकीत आपटले. पण गावची जेट्टी मंजूर करून आणली ती त्यांनीच. ती बांधून व्हायला चार वर्षं लागली, आणि आता उद्घाटनाला दुसराच मंत्री येणार होता. निदान त्या स्टेजवर एक खुर्ची आपली असावी, एवढंच नाखव्यांना हवं होतं.

नवरा मंत्री असतानाही सुमित्राबाईंनी बेलापूरच्या बाजारातली जागा सोडली नव्हती. “दारावरची पाटी सरकारची, डोक्यावरची माजी,” असं त्या सांगायच्या. ‘झ’ हे अक्षर त्यांच्या जिभेला कधी जमलंच नाही.

स्टेजच्या पायरीशी यादी घेऊन एक तरुण अधिकारी उभा होता. “साहेब, इथे नुसतं ‘मा.’ लिहिलंय. माननीय वर बसतील, माजी खाली. तुम्ही यातले कुठले?”

सगळ्या मंडपाचे डोळे नाखव्यांकडे वळले. एक शब्द खोटा बोलले असते तर खुर्ची मिळाली असती, आणि नाखवा काही हरिश्चंद्र नव्हते. पण समोर बसलेल्यांनीच त्यांना एकदा मतं दिली होती आणि पुढच्या वेळी दिली नव्हती. ते हातातली पत्रिकाच उलटसुलट करू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, “माजा!”

अधिकारी गोंधळला. “माजी?”

“माजी नाय रं, माजा! माजा दादला हाय तो. ल्हिव तुज्या यादीत.” बाजाराला जाता जाता टेकलेल्या सुमित्राबाईंनी बोंबलाची पाटी बाजूला सरकवली. “आवो, या हितं. जागा केली हाय.”

सगळा मंडप खो खो हसला. नाखवाही हसले, आणि डोळे पुसत बायकोच्या शेजारी जाऊन बसले. कांजीच्या सदऱ्याला बोंबलाचं पाणी लागलं ते लागलंच.

भाषणं लांबली. मंत्र्यांनी सगळ्यांचे आभार मानले, अगदी मंडपवाल्याचेसुद्धा. नाखव्यांचं नाव राहिलं. तेवढ्यात गावातली पहिली होडी नव्या जेट्टीला लागली. स्टेजवरच्या सगळ्यांची पाठ खाडीकडे होती.

नाखव्यांना खालून ती नीट दिसली.

“बरी झाली जेट्टी,” सुमित्राबाई हळूच म्हणाल्या, आणि नाखव्यांनी उठून त्यांच्या डोक्यावर पाटी चढवून दिली.