दार दोनदा आपटायचं

स्क्रू-ड्रायव्हर गाडीच्या दाराखालच्या पत्र्यात मुठीपर्यंत आत गेला आणि ठोकेकाका आनंदाने ओरडले, "अगं, लवकर ये! पार पोखरलंय! आरपार!"

त्यांची बायको रंगाचा डबा ढवळता ढवळता आली. गॅरेजातला पत्रा यांचा आणि रंग तिचा, अशी चाळीस वर्षांची वाटणी.

"लोकांची गाडी कुजलीय आणि तुम्हाला आनंदाच्या उकळ्या फुटतायत," ती म्हणाली.

"मग? असं काम आता येतं कुठे? हात नुसते शिवशिवतायत माझे!"

गाडी दोघांपुरती, बिनछताची, लांब नाकाची. तरुणपणी शर्यतीत पळालेली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती याच गॅरेजात येऊन गेली होती. गाडीच्या मालकांनी, साहेबांनी, तेव्हा हात हातात घेऊन शाबासकी दिली होती. ती आठवण ठोकेकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आता साहेब थकले होते, आणि त्यांची मुलगी, दातांची डॉक्टरीण, गाडी ट्रकवर घालून घेऊन आली होती.

बिनछताच्या गाडीचं दुखणं समजायला सोपं आहे. बुटांचा खोका घ्या. झाकण असेतो तो दोन्ही टोकांना धरून उचलला तरी ताठ राहतो. झाकण काढलं की मधोमध वाकतो. या गाडीला छप्परच नाही, म्हणून सगळा भार दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पेट्यांवर. त्या कुजल्या की गाडी मध्ये बसते. दाराची वरची फट मिटते, खालची रुंदावते, आणि दार लागेनासं होतं.

"हे बघ," ठोकेकाका गुडघ्यांवर बसून पुट्टी खरवडत होते. "कुजलेली पेटी तशीच ठेवून वरून नवा पत्रा चढवलाय. कोण गाढव होता देव जाणे!"

"पाणी आत, झाकण वर. मग सडणारच की."

"आणि जोडलाय तोही गाडी बसलेली असतानाच. आधी उचलून सरळ नको का करायला? वाकडा हात तसाच प्लास्टरमध्ये घातल्यासारखं! असला माणूस मला भेटला ना..."

ग्राइंडरने पत्रा सुटला आणि खणकन फरशीवर पडला. त्यांनी तो उलटा केला. कोपऱ्यात, एका ओळीत, तीन ठिपके ठोकलेले होते.

बायको वाकून बघायला लागली. स्वतः घडवलेल्या प्रत्येक तुकड्यावर तीन ठिपके ठोकायची ऐट कोणाची होती, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"भेटला वाटतं," ती हळूच म्हणाली.

ठोकेकाका पत्रा मांडीवर घेऊन बसून राहिले. सगळं आठवलं. दोन दिवसांत देतो म्हणून मारलेली बढाई. दुसऱ्या संध्याकाळी न लागणारं दार. आणि साहेबांसमोर बेधडक केलेलं ते विधान: 'जुन्या गाड्यांचं असंच असतं साहेब. दोनदा आपटायचं, मग बसतं.'

"पुट्टी लावून मोकळा झालो गं मी."

"डॉक्टरीणबाई आल्यात," बायको म्हणाली. "सांगणार आहात, की पुन्हा वरून रंग मारू?"

डॉक्टरीणबाई दवाखान्यातून जेवायच्या सुट्टीत गाडी बघायला धावत आल्या होत्या. "काय म्हणतोय आमचा पेशंट?"

ठोकेकाकांनी तीन ठिपक्यांचा पत्रा त्यांच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आत कीड ठेवून वर चांदी भरलीत?"

"हो."

डॉक्टरीणबाई आधी हसल्याच. "अहो, आमच्या घरी फ्रिजचं दारसुद्धा दोनदा आपटतात! बाबांची शिस्त! मला गाडी शिकवली तेव्हा पहिला धडा तोच." मग बोलता बोलता त्यांचं हसू ओसरलं. "सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात अधू झाला. गाडी चालवता येत होती त्यांना. दार आपटवत नव्हतं. शेजाऱ्यांना किती वेळा हाक मारणार? म्हणून सोडली. मला म्हणाले, गाडी ठणठणीत आहे गं, माझ्याच हातात दम नाही."

ठोकेकाकांना वर बघवेना.

"दुसरीकडे नेऊ का गाडी?" डॉक्टरीणबाईंचा आवाज आता दवाखान्यातला होता.

"न्या. तुमचा हक्क आहे. पण एक संधी द्याल तर..."

"दार एका बोटानं लागलं पाहिजे. माझ्या नाही, त्यांच्या बोटानं."

"लागेल!" ठोकेकाका ताडकन उठले. गुडघे कुरकुरले, पण तिकडे लक्ष द्यायला वेळ कोणाला होता!

मग गॅरेजात जी धांदल उडाली ती काय विचारता! दार जागेवर लावलं. गाडीखाली मधोमध लाकडी ठोकळा, ठोकळ्याखाली जॅक. बायको पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन दाराच्या फटीशी उभी. तो वर-खाली सारखाच सरकला की गाडी सरळ झाली.

"अजून!" ती म्हणाली. जॅकचा दांडा हलला. गाडी कण्हली. "अजून अर्धा! अहो, अर्धा म्हटलं, ताकद काय दाखवताय?"

"बोलू नको, फट बघ!"

"थांबा! थांबा! सरकला! वरपासून खालपर्यंत लोण्यासारखा!"

गेल्या चाळीस वर्षांत तरी ते दोघं इतक्या जोरात हसले असतील की नाही कोण जाणे. गाडी पुन्हा बसू नये म्हणून दार उतरवून त्या जागेत लोखंडी नळ्यांचा आधार जोडला. मगच कुजका भाग कापला, थेट चकचकीत, निरोगी पत्रा लागेपर्यंत. आधी एक बाजू पूर्ण, मग दुसरी. दोन दिवसांच्या जागी सात आठवडे लागले. नवी पेटी आतूनही रंगवली, जिथे कोणाचीच नजर पोचणार नव्हती तिथेही.

शेवटच्या दिवशी बायकोने ठिपके ठोकायचा पंच पुढे केला. ठोकेकाकांनी तो परत खणात ठेवला.

साहेब मुलीचा हात धरून आले. मुलीने त्यांना जपून गाडीत बसवलं. दार उघडंच होतं.

"साहेब," ठोकेकाका पुढे झाले, "हाताचा दोष कधीच नव्हता. मी चुकलो होतो, आणि वर खोटंही..."

"मुलीनं सांगितलंय," साहेब समोर बघत म्हणाले. "जरा गप्प बसा. मला ऐकू दे."

त्यांनी अधू हाताचं एक बोट दाराला लावलं. दार आपल्याच वजनाने फिरलं.

टक्.

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला. ठोकेकाकांच्या बायकोने नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. साहेबांचा हात मात्र सवयीने दुसऱ्यांदा आपटायला उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. आता त्याला काही कामच नव्हतं. थोड्या वेळाने तो हळूहळू दाराच्या कडेवर येऊन विसावला.

"अठ्ठावीस वर्षं," साहेब म्हणाले.

मग त्यांनी दार पुन्हा उघडलं.

"दोनदाच लावायचं ना?" असं म्हणून त्यांनी ते एका बोटाने परत लावलं, आणि डोळे मिटून घेतले.