पिंपातला फेस

"साबणाचा हात घातलास ना पिंपात? खरं सांग, केसरबाई."

"नाय वो ताई. मी मगानंच पाणी घेते. हात कशाला बुडवू?"

"मग हा फेस काय आभाळातून पडला?"

गारखेड्यातल्या संध्याच्या घरामागे, पेरूच्या झाडाखाली, निळे पिंप होते. कितीतरी दिवसांनी एकदा येणारे नळाचे पाणी ती त्यात जिवापाड जपत असे. आज पाण्याच्या जरा वर, आतल्या बाजूला, पिवळसर फेसाचा गोळा चिकटला होता. तिने तो खराट्याने खरवडला आणि अख्खे पिंप कलंडवले. वाहत्या पाण्याकडे पाहताना तिचा जिभेवरचा ताबा सुटला.

"तुमच्या लोकांच्या हाती पाणी देऊच नाय!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी दगडाबाई थांबली. धुण्याभांड्याला येणाऱ्या केसरबाईने ओले हात पदराला पुसले, चपला घातल्या आणि ती निघून गेली.

संध्याकाळी विकतचा टँकर मागवून तिने पिंप पुन्हा भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे कळशी घेऊन गेलेली संध्या थबकली. पिंपाच्या आतल्या बाजूला एक सडपातळ, तपकिरी झाडबेडकी चिकटली होती. पाठीवर तिच्याहून लहान नर. मागच्या पायांनी ती संथपणे काही घुसळत होती, आणि त्या घुसळण्यातून फेस फुगत होता. फेसात अंडी होती.

"काय गं, काय बघतीस?" दगडाबाईने वरून विचारले.

"काही नाय," संध्या म्हणाली, आणि तिचे कान तापले.

दुपारी ती केसरबाईच्या दारात उभी राहिली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, कोपऱ्यात माठ.

"तुम्ही नव्हता, केसरबाई. झाडबेडकी होती. तिनंच केला फेस."

"व्हय? बेडकी?" केसरबाई किंचित हसली. "मग तिच्या लोकांना काय बोललात?"

संध्याने कपाळावरचा घाम पुसला.

"बसा. ऊन लई हाय." केसरबाई समोरच्या दुकानात गेली आणि पाण्याची सीलबंद बाटली घेऊन आली. "घ्या ताई. कुणाचा हात लागलेला नाय."

"माठातलं द्या ना." संध्या म्हणाली.

"तुमाला चालंल वो," केसरबाई शांतपणे म्हणाली. "मला नाय चालायचं आता."

तिने माठावरचे झाकण सरळ केले आणि निवडायला घेतलेले तांदूळ पुढे ओढले. थंडगार बाटली हातात धरून संध्या बसून राहिली.