गोऱ्या माणसाची सही

तोफा थांबून तास उलटला होता, तरी खंदकात कुणी बोलत नव्हते. सत्तेचाळीस दिवस ज्या आवाजाला सगळ्यांनी शिव्याशाप दिले, तो असा अचानक निघून गेल्यावर माणसांना आपलाच श्वास परका वाटू लागला होता. मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्गच्या टेकड्यांवर जुलैचे ऊन सांडले होते. समोरच्या पट्टीत, जिथे कालपर्यंत डोके वर काढणारा माणूस खाली येताना प्रेत होऊन येई, तिथे काठीला एक पांढरे फडके लटकत होते. वारा नव्हता, तेही हलत नव्हते.

"च्यायला," शेवटी कुणीतरी म्हणाले, "आता खेचराचं मटण निवांत चावता येईल."

कुणी हसले नाही. सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या होत्या. तोंड उघडणेही जिवावर येत होते.

खंदकाच्या मातीत कोरलेल्या बिळात कॅप्टन लिअँडर ट्रूइट गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मांडीवर भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाचा एक तुकडा होता. गावातला साधा कागद केव्हाच संपला होता; वर्तमानपत्रदेखील याच कागदाच्या पाठीवर छापले जात होते. एका अंगाला फिकट गुलाब, दुसरे अंग कोरे. त्या कोऱ्या अंगावर त्याला लिहायचे होते, आपण का हरलो.

हुकूम कर्नल स्टँडिफरचा होता. शरणागती झाली की आज ना उद्या कुठेतरी चौकशी बसणार, आणि शत्रूने कागद ताब्यात घेण्याआधी कर्नलला आपल्या पलटणीची बाजू तयार हवी होती. ट्रूइटकडून त्याला एकाच गोष्टीचा खुलासा पाहिजे होता. एप्रिलअखेर शत्रूचे सैन्य मिसिसिपी ओलांडून ब्रुइन्सबर्गच्या धक्क्यावर उतरले आणि पुढे शहराच्या पाठीवर येऊन बसले. त्या उतरण्याची खबर एक दिवस उशिरा का पोचली? नदीकाठची ती चौकी ट्रूइटकडे होती. मुलूखही त्याच्या बापजाद्यांचाच.

"धाकटे मालक, भाकरी."

आयशम बिळाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. ट्रूइटच्या वडिलांचा गुलाम, वयाने ट्रूइटहून दहा वर्षांनी मोठा. मासे कसे गळाला लावायचे हे याच माणसाने लहानग्या लिअँडरला शिकवले होते. त्याच्या हातात वाटाण्याच्या पिठाचा एक काळपट गोळा होता, बाहेरून करपलेला, आत कच्चा.

"तू खाल्लीस?"

"खाल्ली म्हणायची." आयशम तिथेच बसून राहिला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "उद्यापासून रस्ते मोकळे होणार म्हणतात. केजसाहेबांच्या मळ्यावरनं काही कळलं का? टेम्पीचं?"

"नाही. अजून काही नाही."

"बरं," आयशम म्हणाला आणि उठला.

वेढा पडल्यापासून त्याने हे अकराव्यांदा विचारले होते, आणि ट्रूइट अकराव्यांदा खोटे बोलला होता. टेम्पी आयशमची बायको. पण ती शेजारच्या ऑस्बर्न केजच्या मालकीची. लढाईआधी दर शनिवारी परवान्याची चिठ्ठी खिशात घालून आयशम सहा मैल चालत तिच्याकडे जाई. आता ती कुठे आहे हे ट्रूइटला पक्के ठाऊक होते. सांगितले तर आयशम त्याच रात्री पळेल, आणि आयशम पळाला तर शिजवणार कोण, खांद्याची जखम बांधणार कोण? इतके साधे होते ते. मोठी पापे मोठ्या कारणांनी होतात हा आपला एक लाडका गैरसमज असतो. ट्रूइटचा तो गैरसमज या बिळात गळून पडला होता.

त्याने पेन्सिल उचलली, आणि ज्या दिवसाकडे तो नऊ आठवडे पाठ करून बसला होता, तो दिवस समोर येऊन उभा राहिला.

मंगळवारची संध्याकाळ. आयशम नदीवरून मासे घेऊन आला होता, आणि माशांबरोबर बातमी. पलीकडच्या काठचे कोळी, तेही गुलामच, त्याला म्हणाले होते की निळ्या कोटांचे, उत्तरेचे सैन्य तिकडे दाटले आहे, होड्या जमवताहेत, आणि अधिकारी सारखे विचारताहेत, ब्रुइन्सबर्गहून वर जाणारा रस्ता कोरडा आहे का. "कोरडा आहे, मालक," आयशम म्हणाला होता. "ते तिथंच उतरणार. आणि केजसाहेबांचा मळा त्याच वाटेवर आहे. टेम्पीला तेवढं आपल्या घरी आणवा."

"पाहतो," ट्रूइट म्हणाला होता.

घोडेस्वार तयार होता. दोन ओळी लिहून त्याला पिटाळायचे, एवढेच काम. पण खबरीच्या कागदावर ती कुणाकडून मिळाली हे लिहावे लागे. मार्चमध्ये एकदा ट्रूइटने भाबडेपणाने लिहिले होते, 'आयशम सांगतो'. कर्नलने तो कागद भर जेवणात मोठ्याने वाचला होता. "सभ्य गृहस्थहो, कॅप्टन ट्रूइटांचं हेरखातं चुलीपाशी बसतं! उद्या लढाईचा बेतही रश्शाबरोबर येईल!" सगळी पंगत खदखदली होती. शिवाय या मुलखात गुलामाची साक्ष गोऱ्याविरुद्ध कुठल्याच कोर्टात चालत नव्हती. जो शब्द चोरीला गेलेल्या डुकरासाठी पुरत नाही, त्याच्यावर सैन्य कसे हलवायचे?

म्हणून ट्रूइटने घोड्यावर खोगीर घातले आणि एक गोरा माणूस शोधायला निघाला. हीच बातमी जो आपल्या तोंडाने सांगेल, खाली सही करील, असा कुणीही. पहिल्या मळ्याचा मालक जॅक्सनला गेलेला. दुसऱ्याचा तापाने फणफणलेला, त्याला स्वतःचे नावही धड आठवेना. बुधवारी दुपारी तो केजच्या ओसरीवर पोचला. केज हॅम खात होता. त्याने सगळे ऐकून घेतले, तोंड पुसले, कोळी किती होते, कुठले होते एवढे विचारले, आणि मुकादमाला हाक मारली.

"गाड्या जोड. माणसं, कापूस, खेचरं, सगळं काढ. पूर्वेला, अलाबामात, डेमोपोलिसला माझ्या मेव्हण्याकडे. संध्याकाळच्या आत."

"आणि सही?" ट्रूइटने विचारले होते.

"देतो की. आधी माझं हलू द्या. तुमचा आयशम या बाबतीत कधी चुकत नाही हो."

ज्या शब्दावर सैन्य हलले नव्हते, त्या शब्दावर चाळीस माणसे दिवस मावळायच्या आत रस्त्याला लागली. तिसऱ्या गाडीमागे, डोक्याला पिवळा रुमाल बांधून, टेम्पी चालत होती. तिने ट्रूइटला ओळखले. तोंड उघडून काही विचारणार, तोच मुकादमाने तिला पुढे हाकलले. धुरळा खाली बसल्यावर केजने सही केली. सुरेख, वळणदार सही. गुरुवारी सकाळी ती कर्नलच्या हातात पडली. त्याच वेळी ब्रुइन्सबर्गच्या धक्क्यावर शत्रूची पहिली पलटण, चिखल न लागता, जमिनीवर पाय ठेवत होती.

ट्रूइटने हे सगळे लिहिले. पेन्सिल बोथट झाली तेव्हा दातांनी कुरतडली. खाली नाव घातले आणि कागद घेऊन कर्नलच्या तंबूत गेला.

कर्नल स्टँडिफर रिकाम्या खोक्यावर बसला होता. दोन महिन्यांत त्याचा कोट त्याच्यापेक्षा मोठा झाला होता. त्याने कागद दोनदा वाचला. मग उलटून गुलाब पाहिले.

"कॅप्टन, उन्हाचा त्रास होतोय का तुम्हाला?"

"नाही, कर्नलसाहेब. हे असंच घडलं."

"असंच घडलं असेल. म्हणून लिहायचं?"

"तुम्हीच खुलासा मागितलात."

"खुलासा मागितला, पाद्र्यापुढची कबुली नव्हे." कर्नलचा आवाज चढला नाही, चढवायला त्याच्याकडे ताकद नव्हती. "आपण का हरलो ते मी सांगतो, ऐका. वरचे दोन साहेब दोन हुकूम देत होते. एक म्हणे शहर सोडा, एक म्हणे मरा पण सोडू नका. कोठारात धान्य नव्हतं, कारण मळेवाल्यांनी मक्याऐवजी कापूस पेरला. मदतीला येणारी फौज आली नाही. झालं. ही कारणं आहेत. भारदस्त आहेत, आणि खरीही आहेत."

"आणि हा एक दिवस?"

कर्नलने कागद पुन्हा सुलटा केला. "त्या एका दिवसानं फरक पडला असता, असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्हाला?"

"मलाही वाटतं. दोन पलटणी धक्क्यावरच्या कड्यावर वेळेत बसल्या असत्या तर... म्हणूनच हे लिहायचं नाही." त्याने कागद ट्रूइटच्या छातीशी धरला. "आपण उपाशी होतो म्हणून हरलो, हे ऐकून आया रडतील, ट्रूइट. स्वयंपाक्याचं ऐकलं नाही म्हणून हरलो, हे ऐकून त्या विचारतील, मग माझा मुलगा कशासाठी मेला? मला रडणाऱ्या आया हव्यात. विचारणाऱ्या नकोत."

"मार्चमध्ये तुम्ही तो कागद वाचून दाखवला नसता, तर..."

"हसलो होतो मी. आठवतंय. तुम्हीही हसला होतात." कर्नलने पेन्सिल पुढे केली. "घोडा लंगडा झाला. असं लिहा. घोडे लंगडे होतात, त्यात कुणाची बेअब्रू नाही."

ट्रूइट उभाच राहिला. नकार द्यावा, असे वाटण्याइतका प्रामाणिकपणा त्याच्यात होता. नकार देण्याइतका नव्हता. कर्नलने दुसरा तुकडा दिला. त्याने लिहिले: वाटेत घोडा लंगडा झाल्यामुळे खबर पोचण्यास विलंब झाला. सही केली. पहिला कागद कर्नलने घडी घालून मेणबत्तीला लावला, आणि गुलाबांकडून आग लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पलटणी खंदकाबाहेर आल्या. समोर निळ्या कोटांच्या रांगा उभ्या होत्या. त्यांनी जयघोष केला नाही, आणि ती दया सोसणे अधिक कठीण होते. माणसे पुढे होत, तीन-तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या करत आणि रिकाम्या हातांनी मागे येत. एक म्हातारा सार्जंट आपल्या बंदुकीच्या दस्त्यावरून, जनावराच्या मानेवरून फिरवावा तसा हात फिरवत राहिला. शेवटी त्याला ओढून बाजूला करावे लागले.

आयशम बिळासमोर कांबळे गुंडाळत होता. ट्रूइट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. काल जे कागदावर टिकले नाही, ते निदान या एका माणसाला सांगायचे, एवढे त्याने ठरवले होते.

"टेम्पी डेमोपोलिसला आहे. अलाबामात. केजच्या मेव्हण्याच्या मळ्यावर."

आयशमचे हात थांबले. "केव्हा कळलं?"

"त्या बुधवारीच. मी तिथं होतो. मी केजकडे तुझी बातमी घेऊन गेलो, म्हणून त्यानं सगळ्यांना हलवलं."

"माझी बातमी."

"हो."

"मी तिला आणवायला सांगितलं होतं."

"हो."

"दिसली?"

"दिसली. चालत होती. पिवळा रुमाल होता डोक्याला."

आयशमने कांबळ्याला दोरी आवळली. गाठ नीट बसली नाही. सोडून पुन्हा बांधली. त्याचा चेहरा ट्रूइट जन्मापासून पाहत आला होता, आणि आज त्यावरचे एकही अक्षर त्याला लागत नव्हते.

"काल मी खरं लिहिलं होतं," ट्रूइट घाईने म्हणाला. "सगळं. तुझं नावही घातलं होतं. कर्नलनं जाळलं."

"काय नाव घातलंत?"

"आयशम."

"नुसतं?"

 या माणसाला पुढे आणखी एखादे नाव असेल, हे त्याच्या कधी मनातच आले नव्हते. खाली, बंदुकांच्या राशींपाशी, कुणीतरी पुढच्या तुकडीला हाक देत होते. त्याची कंपनी. त्याला जायला हवे होते. पण एक प्रश्न नऊ आठवडे त्याच्या घशात काट्यासारखा रुतला होता, आणि तो विचारण्याजोगा दुसरा माणूस पृथ्वीवर नव्हता.

"एकच सांग, आयशम. त्या मंगळवारी तुझ्या शब्दावर मी लगेच स्वार पाठवला असता, तर आपण वाचलो असतो का?"

आयशमने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिले. रागाने नाही, त्या 'आपण'च्या नवलाने. मग कांबळे खांद्यावर टाकले, निळ्या कोटांच्या दोन रांगांमधली मोकळी वाट धरली, आणि पूर्वेच्या रस्त्याने चालू लागला.