सरदारांच्या सुतकाचा पट्टा

"क्रूस मध्ये येतो तर येऊ दे. पट्टा तुटता कामा नये," कारभारी ओनोरे म्हणाला.

जेर्वे कुंचला धरून उभा राहिला. भिंती रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. जहागीरदार वारला की चर्चला आतून-बाहेरून काळा पट्टा ओढायचा, ही आमच्याकडची रीत. सरदार द व्हेर्लांक तर मोठंच नाव. राजासाठी त्यांनी किल्ले घेतले आणि आम्ही पोरं दिली.

जेर्वेचा पोरगा बास्त्यां फ्लँडर्सच्या वेढ्यात हगवणीनं गेला. तिकडेच कुठल्याशा चरात पुरला. थडगं नाही, म्हणून जेर्वेनं चर्चच्या भिंतीवर, खांबाशेजारी, गेरूनं बोटभर क्रूस काढला होता. त्याची बायको पेरीन दर रविवारी त्यावर तळवा टेकायची. मग बाकीच्या आयाही टेकू लागल्या. त्यांच्या पोरांना तरी कुठं थडगी होती?

"चार बोटं वरून नेला तर?" जेर्वेनं विचारलं.

"वाकडा? लोक म्हणतील, सरदार पिऊन मेले."

दुपारी जेर्वे घरी आला. पेरीन सलगम सोलत होती.

"नाही म्हणून सांगू का?"

"सांगाल. तो दुसऱ्याला आणेल." तिनं सुरी खाली ठेवली. "परक्याचा हात फिरण्यापेक्षा तुमचाच फिरू दे. मला आता भांडायचं त्राण नाही हो."

त्यानं पट्टा ओढला. क्रूसावरून कुंचला फिरवताना मात्र त्याला रडू आवरेना. ओनोरे पाठ फिरवून उभा राहिला. त्याचाही पुतण्या त्याच वेढ्यात गेला होता.

रविवारी बायका आल्या आणि नेहमीच्या जागी हात टेकून गेल्या. तळवे काळे झाले. ईस्टरपर्यंत तिथला काजळीचा रंग उडून तळहाताएवढी भिंत उघडी पडली. आत क्रूसाचा तांबूसपणा दिसत होता.

"बाकी पट्टा धड आहे, मग इथलाच रंग का उडतो रे?" ओनोरेनं विचारलं.

"भिंतीला ओल आहे, कारभारी."

ओनोरेनं कोरड्या भिंतीवरून बोट फिरवलं. "मग पुन्हा लाव," एवढंच म्हणून तो निघून गेला.

जेर्वेनं चुलीवर सरस वितळवला. सरस कमी पडला की काजळी भिंत धरत नाही, हे त्याला बापानं शिकवलं होतं. त्यानं काजळीच्या भांड्यात जेमतेम थेंबभर सरस टाकला आणि उरलेला बाहेर नेऊन ओतून दिला.